पाव फेरा

१४ ऑगस्ट, गुरुवार

दीक्षाने सांगितलंय, दुखलं, सुजलं, रक्त आलं तर तारखेसकट लिहून ठेवा. म्हणून कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी काढली. सात महिने कोरी पडली होती. एकतीस वर्षं चाकणला गाड्यांच्या कारखान्यात लाईनच्या शेवटी उभा राहून रजिस्टर भरतोय, त्यामुळे लिहायचा कंटाळा नाही. स्वतःच्या तोंडाचं रजिस्टर मात्र पहिल्यांदाच.

आज सुट्टीचा वार साधून खालच्या डाव्या दाढेच्या जागी स्क्रू बसवला. दीक्षा त्याला इम्प्लांट म्हणते. ती दाढ दोन वर्षांपूर्वी काढली, तेव्हापासून मी उजवीकडूनच जेवतो. बसवणारी दीक्षाच, आमची लेक. चऱ्होलीत नव्या सोसायट्या उठल्यात, तिथे खंडूच्या गाळ्यात तिने चार महिन्यांपूर्वी दवाखाना टाकला. दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली तिने असे स्क्रू बसवलेत, पण स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्या जबाबदारीवर हा पहिला. तिची आई सुमन म्हणाली, बिघडलं तरी तक्रार करायला कुठे जाणार नाही असं गिऱ्हाईक मिळालंय पोरीला.

खंडू माझा लाईनवरचा जुना जोडीदार, मूळचा चऱ्होलीचा. त्यालाही दोन दाढा बसवायच्यात आणि त्याच्यामागे त्याची अर्धी भावकी आहे. पण गडी सावध. म्हणाला, "आदी तुजी बसू दे, मंग आमी हायच." म्हणजे माझ्या एका दाढेवर अख्ख्या गावाची तोंडं अडून बसलीत.

खरी मजा शेवटी आली. दीक्षाने चक्क टॉर्क रेंच काढला, लाईनवर नट ठरल्या जोरानेच आवळायला असतो तसला पाना. बोटाएवढा, पण टॉर्क रेंचच. मी तोंड उघडं ठेवूनच विचारलं, किती? पस्तीस, म्हणाली. मग स्क्रूवर एक बारीक खुंटी लावली आणि पेनासारखं यंत्र नुसतं जवळ धरलं. त्याने आकडा दाखवला, बाहत्तर. हाडात स्क्रू किती पक्का आहे त्याचं हे माप, शंभरपैकी. सत्तरच्या वर गेलं म्हणजे उत्तम. खुंटी काढून तिने वर चपटी टोपी बसवली, बारीक स्क्रूड्रायव्हरने, दोन बोटांच्या जोरावर. स्क्रूड्रायव्हरला दोरा बांधलेला होता, निसटला तर घशात जाऊ नये म्हणून. पोरीचं काम नीट आहे. मला फार बरं वाटलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सूज आहे. गोळी घेतली. पातळ खिचडी. आकडा बाहत्तर (कालचा).

२१ ऑगस्ट, गुरुवार

टाके काढले. तिने बजावलं, कडक खायचं नाही, बोट लावायचं नाही, जीभ लावायची नाही. मी हो म्हणालो. जिभेचं काय करणार, ती राहतेच तिथे.

आकडा घे म्हणालो, तर म्हणाली, चार आठवड्यांनी. रोज उकरून बघितलं तर रोप लागतं का, पप्पा. मला ते काही पटलं नाही. आमच्याकडे महत्त्वाचा जोड असला की चोवीस तासांनी पुन्हा टॉर्क बघतातच. पण दवाखाना तिचा आहे, गप्प बसलो.

३ सप्टेंबर, बुधवार

दुखत नाही, सूज नाही. लिहायला काही नाही, पण चैनही नाही.

आज लाईनवर रविराज साहेबांनी सांगितलं की जानेवारीपासून माझ्या जागेवर माणूस राहणार नाही. कॅमेरा आणि यंत्र येणार. मी तसाही एकतीस डिसेंबरला रिटायर होतोय, त्यामुळे कुणावर अन्याय नाही. माझं काम म्हणजे गाडी पुढ्यात आली की ठरलेले अकरा नट टॉर्क रेंचने तपासायचे. क्लिक आला की पिवळ्या मार्करने नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते, आंधळ्यालाही दिसतं. रेघ ओढली की तो नट माझा, पुढे कुणी त्याला हात लावत नाही. मी रेघ मारलेला नट ढिला निघाला अशी तक्रार एकतीस वर्षांत एकदाही आली नाही. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथे लिहून ठेवतो.

जेवताना जिभेने टोपी चाचपली. गुळगुळीत आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

चौसष्ट.

बाहत्तरचे चौसष्ट झाले. दीक्षा आकडा लिहून घेताना इतकी निवांत होती की मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, हे व्हायचंच होतं. बोल्ट लोखंडात बसतो, लोखंड जागचं हलत नाही. हाड जिवंत असतं. स्क्रूच्या अंगाला लागलेलं दुखावलेलं हाड शरीर आधी खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. जुनं गेलेलं आणि नवं अजून कच्चं, अशा मधल्या काही आठवड्यांत आकडा उतरतो. पुढे आपला आपण चढतो. या दिवसांत औषध एकच, हात लावायचा नाही.

सांगते छान. पण डॉक्टर लोक पेशंटला धीर देतातच, आणि पेशंट बाप असला तर जास्तच देणार. निघताना मी तिचा चेहरा बघत होतो. बोलून झाल्यावर तिने वही पुन्हा एकदा उघडून आकडा पाहिला. मी ते पाहिलं.

बसमध्ये मनात आलं ते लिहितो, इथे कोण वाचणार आहे. पुण्यातल्या एखाद्या पिकल्या केसांच्या डॉक्टरकडे गेलो असतो तर बरं झालं असतं का? मग स्वतःचाच राग आला. आणि आता खंडू विचारेल तेव्हा काय सांगायचं?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सबंध शिफ्टभर विचार केला. स्क्रूला हात लावायचा नाही, बरोबर. पण वरची टोपी काल आकडा घेतल्यावर तिने पुन्हा नुसती बोटांच्या जोरावर लावलीय. टोपी ढिली असेल तर बोलताना, खाताना ती थरथरणार, आणि खालच्या जोडाला त्याचा मार बसणार. हे मला कुणी शिकवायला नको. टोपी म्हणजे काही स्क्रू नव्हे.

घरी हत्यारांच्या पेटीत घड्याळजी वापरतात तसला एलन कीचा, म्हणजे सहा कोनी टोकाच्या चाव्यांचा, बारीक जुडगा आहे. एक पॉइंट तीन मिलिमीटरची की उकळत्या पाण्यात घातली, सुमनच्या शिवणाच्या डब्यातला दोरा तिला बांधला. पोरीकडून शिकलो ते वापरतोच. बाथरूमचा आरसा, मोबाइलची बॅटरी. की नीट बसली. हळूच दाबून फिरवली, टोपी हलली नाही. जीव भांड्यात पडला.

सुमनने बाहेरून विचारलं, एवढा वेळ काय करताय. दाढी, म्हणालो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा तपासलं. आज जरा जोर लावला तर पाव फेरा बसला. म्हणजे ढिली होतीच. बरं झालं बघितलं. दीक्षाला सांगितलं तर तिला वाटेल आपली चूक काढली, म्हणून सांगत नाही. तिचं काम मी मागून पक्कं करतोय, एवढंच.

थोडं ठणकतंय. घट्ट बसल्याचं असेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा पाव फेरा. एवढी कशी ढिली होते? उद्यापासून बोलणं कमी करतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाव फेऱ्याहून थोडा जास्तच बसला. या खेपेला सोपं गेलं, जोर लागला नाही. दुखतंय बऱ्यापैकी, डावा गाल जड आहे. दीक्षाने जेवताना ओळखलं आणि गुरुवारी येऊन दाखवा म्हणाली. खंडूलाही तिने त्याच दिवशी एक्स-रेसाठी बोलावलंय. आकडा वाढलेला निघाला तर त्याच्यासमोरच निघेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

निघाला.

आकडा नव्हे. स्क्रूच निघाला. दीक्षाने टोपी उघडायला स्क्रूड्रायव्हर लावला तर टोपी सुटेना. ती पुटपुटली, एवढी घट्ट कशी, मी तर बोटाने लावली होती. मग तिने जरा जोर केला आणि टोपीबरोबर खालचा आख्खा स्क्रू फिरला. मला हिरडीच्या आत काहीतरी गोल फिरल्याचं कळलं. दुखलं, पण दुखण्यापेक्षा तिचा हात थांबला ते मला जास्त लागलं. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते.

सुन्न करून तिने तो काढला. पाच मिनिटंही लागली नाहीत. ज्याला पस्तीसचा टॉर्क लागला होता तो दोन बोटांनी बाहेर आला. काचेच्या बाटलीत टाकला. मला म्हणाली, सॉरी पप्पा, माझं काहीतरी चुकलं. ड्रिल करताना हाड तापलं असेल, पाणी कमी पडलं असेल.

खंडू बाहेर बाकावर बसला होता. माझा सुजलेला गाल आणि तोंडातला कापूस त्याने पाहिला. एक्स-रे न काढता उठला, पोरीला फक्त म्हणाला, "घाई न्हाई गं काय."

२७ सप्टेंबर, शनिवार

दीक्षा जेवत नाही. सुमन म्हणते, सारखी तिचं त्या दिवसाचं टिपण उघडून बघत असते, किती फेऱ्यांनी ड्रिल केलं, किती पाणी सोडलं. आज तिने खंडूला फोन करून पुण्यातल्या एका जुन्या डॉक्टरांचा नंबर दिला. आणखी एका बाईंनाही तिकडेच पाठवलं. मला म्हणाली, मी आपली दात साफ करीन, सिमेंट भरीन, हे स्क्रूचं काम माझ्या हाताला नाही.

काहीतरी समजावायला हवं होतं. मी म्हणालो, होतं असं पहिल्या वेळी. बोलून गेल्यावर कळलं की मी तिचीच चूक धरून चाललोय.

पाव फेरा सारखा आठवतो. पण टोपी घट्ट केल्याने स्क्रू कसा ढिला होईल? हिशोब जुळत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

जुळला.

आज खंडेनवमी. लाईनवर हत्यारांची पूजा होती. मी हार घालत नाही, पण दरवर्षी माझा रेंच रॉकेलने पुसून चकचकीत करून ठेवतो. पूजेनंतर लाईन सुरू झाली. तिसऱ्या गाडीला चाकाच्या नटावर रेंच लावला तर क्लिक येईना. फिरवतोय, नट फिरतोय, पाव फेरा, अर्धा फेरा. वाकून मागून पाहिलं. नट कधीचाच बसला होता. आता नटाबरोबर आतला स्टडच, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आटेदार दांडा, फिरत होता. त्याची पकड सुटली होती, आणि मी जितका फिरवत होतो तितकी आणखी सुटत होती.

मी रेंच धरून तसाच उभा राहिलो. मागची गाडी येऊन थांबली, रविराज साहेब ओरडले तेव्हा बाजूला झालो.

टोपी तिने बोटांनी लावली तेव्हाच बसलेली होती. बारा तारखेला ती हलली नाही, तिथेच मला कळायला हवं होतं. पुढचे सगळे पाव फेरे स्क्रूचे. ज्या दिवसांत हाड कच्चं होतं, नेमक्या त्याच दिवसांत मी त्याला पिळत होतो. नवं हाड धरू बघत असेल आणि मी दर तीन-चार दिवसांनी ते तोडत होतो. पोरीने एवढं समजावून सांगितलं होतं. मी ते इथे माझ्याच अक्षरात लिहून ठेवलंय, वर अकरा तारखेला.

न सांगताही चालेल. कुणाला कळणार नाही. हे वाक्य मी लिहिलं, खोडत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पांढरे कपडे घालून तिघंही विहारात गेलो. आज धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याची ओळ मी गाळली. सुमनने वळून पाहिलं.

घरी आल्यावर जेवायला बसलो. दीक्षाच्या ताटाशेजारी ती बारीक एलन की ठेवली, दोऱ्यासकट. तिने आधी कीकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे. दोरा कशासाठी असतो ते तिच्याइतकं कुणाला माहीत.

"कितीदा?" एवढंच विचारलं.

"चारदा." डायरी आणून तारखा वाचून दाखवल्या, पाव फेऱ्यांसकट. सुमनने हातातला घास खाली ठेवला.

दीक्षा रडेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. तिने कीचा दोरा बोटाला गुंडाळला. म्हणाली, "आठ दिवस मी माझ्या हातांकडे बघतेय, पप्पा."

मी डायरी मिटून बाजूला ठेवली.

"लाईनवर दुसऱ्याने रेघ मारलेला नट तुम्ही परत फिरवता का?"

"नाही."

"का नाही?"

"रेघ मारली म्हणजे कुणीतरी जबाबदारी घेतलेली असते."

"मग मी घेतली नव्हती का?"

ताट तसंच ठेवून ती आत गेली. मला अशी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी दाढेची काळजी करत नव्हतो. पोरीवर माझा भरवसा नव्हता, आणि त्याला मी काळजी म्हणत होतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बोलत नाही. जखम तपासायला मात्र रोज बोलावते. तोंड उघडा, मिटा, बस.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चऱ्होलीला गेलो. खंडू घरापुढे चारचौघांत बसला होता. बाजूला घेऊन सांगावं असं फार वाटलं. मग म्हटलं, तिची नाचक्की जेवढ्यांसमोर झाली, निदान तेवढ्यांसमोर आपली व्हावी. सगळं सांगितलं, बाथरूम, आरसा, सुमनचा दोरा, पाव फेरा. मंडळी हसून हसून लोळायची बाकी होती. खंडू मात्र डोळे बारीक करून ऐकत होता, लाईनवर ऐकायचा तसा.

"म्हंजी पोरीचा हात बरा हाय. बापाचाच हात वंगाळ."

"व्हय," मी म्हणालो. त्याची भाषा माझ्या तोंडात आली.

"मंग मी कशापायी पुण्याला जाऊ? माज्या घरात न्हाई असली हत्यारं."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खंडूच्या दोन्ही दाढांचे स्क्रू बसले. दीक्षाने त्याला बसवायच्या आधी माझ्यासमोर विचारलं, घरात एलन की आहे का? खंडू गंभीरपणे नाही म्हणाला. दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसली, माझ्याकडे न बघता.

३१ डिसेंबर, बुधवार

शेवटची गाडी, अकरा नट, अकरा रेघा. रविराज साहेबांनी नारळ आणि शाल दिली. पिवळा मार्कर मी मागून घेतला.

१५ जानेवारी, गुरुवार

जागा भरून आली होती. शरीर माझ्यापेक्षा समजूतदार निघालं. दीक्षाने आज दुसऱ्यांदा स्क्रू बसवला. या खेपेला माझी तयारी होती, तिची नसती तरी समजू शकलो असतो. खुर्चीत बसल्यावर मी म्हणालो, दुसऱ्या कुणाकडे पाठवलंस तरी मला राग नाही. ती म्हणाली, तोंड उघडा.

दुपारी घरी आली आणि माझी हत्यारांची पेटी टेबलावर ठेवायला सांगितली. कडी लावली. माझ्याच खिशातला पिवळा मार्कर काढून झाकणावरून खालपर्यंत एक रेघ ओढली, अगदी सरळ. लहानपणी ती सायकलच्या नटांवर अशा रेघा मारत बसायची, ते मी विसरलो होतो.

"आता ही माझी जबाबदारी," म्हणाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चार आठवडे झाले. आकडा उतरायचे हेच दिवस. तिने खुंटी लावली, यंत्र जवळ धरलं, आकडा पाहिला, वहीत लिहिला. मी छताकडे बघत होतो. पंखा जरा डुलतोय, वरचा बोल्ट बघायला हवा. तेही बोललो नाही.

हात धुता धुता तिने विचारलं, "विचारणार नाही का, किती आलाय?"

"तू लिहिलास ना?"

"हो."

"मग झालं."

सोपं नव्हतं. बसमध्ये घरचा आकुर्डीचा स्टॉप येईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो.

२३ एप्रिल, गुरुवार

दाढ बसली. दीक्षाने तो बोटाएवढा रेंच लावला, क्लिक आला, अगदी माझ्या कानाजवळ. आपोआप माझा हात खिशाकडे गेला, मार्कर काढायला. तिने तो धरून खाली ठेवला आणि थोडा वेळ धरूनच ठेवला.

बाहेर खंडू बसला होता, त्याच्या भावकीतल्या तिघांना घेऊन. मला दाढ दाखवायला लावली त्याने, बाजारातल्या बैलासारखी.

रात्री सुमनने ज्वारीची भाकरी केली. पहिला घास डावीकडे घेतला. दीक्षा म्हणाली, आता पेटी उघडा हवी तर, रेघ मोडली तरी चालेल. दवाखान्यातल्या पंख्याच्या बोल्टसाठी पाना लागणार आहे खरा.

खंडूकडून मागून आणेन. रेघ राहू दे.